दोन्ही हात मोकळे

आमच्या गाडीचं वय माझ्यापेक्षा एका वर्षाने कमी आहे. २००५ ची पांढरी मारुती अल्टो, नंबर ‘एमपी ०४’ने सुरू होणारा. पंधरा वर्षं झाली तेव्हा पप्पांनी तिची नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली आणि ती पाच संपल्यावर यंदा पुन्हा. “माणूस साठीला रिटायर होतो, गाडी नाही,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पप्पा भोपाळच्या भेलमधून फिटर म्हणून निवृत्त झालेत. ज्यांनी आयुष्यभर टर्बाइनचे नटबोल्ट आवळले, त्यांना अल्टोचं काय अवघड? गाडी अजून पहिल्या सेल्फला सुरू होते.

तिच्यात जुनाट दिसणारी गोष्ट एकच, डॅशबोर्डमधला कॅसेटचा टेप. आणि धोक्याची गोष्टही एकच, पप्पांचा मोबाइल.

दुपारी दोनच्या सुमाराला पप्पा मम्मीला शाळेतून आणायला निघतात आणि नेमका तेव्हाच वसईहून मोठ्या काकांचा फोन येतो. जेवण झालेलं असतं, वाडीवर परत जायला वेळ असतो, म्हणून काका गप्पा मारायला फोन करतात. पप्पा तो कधीच टाळत नाहीत. “मोठा भाऊ आहे. उचलला नाही तर दोन दिवस बोलणार नाही.” मग उजवा हात स्टिअरिंगवर, डावा गिअरवर, आणि फोन डाव्या कान-खांद्यामध्ये दाबलेला. मान वाकडी, तरी गप्पा चालू.

मे महिन्याच्या सुट्टीत मी पंजाब मेलने घरी आले, त्याच्या तिसऱ्या दिवसाची गोष्ट. पिपलानीहून अवधपुरीकडे येत होतो. काकांचा फोन चालू होता. बाजूच्या गल्लीतून एक मुलगा सायकलवर सरळ रस्त्यात आला. मी ओरडले, “पप्पा!” त्यांनी ब्रेक दाबला, फोन खाली पायांत पडला आणि गाडी सायकलच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर थांबली. मुलाने आमच्याकडे बघितलं आणि पॅडल मारत निघून गेला. पायाजवळून काकांचा आवाज येत होता, “हॅलो? हॅलो?”

पप्पा म्हणाले, “काही झालं नाही ना.” खरंच काही झालं नाही. पण रात्री मी वहीत साधं गणित केलं. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदाला ११ मीटर जाते. घसरणारा फोन सावरायला दोन सेकंद लागले, तर २२ मीटर गाडी कुणीच चालवत नसतं.

दुसऱ्या दिवशी मी नाश्त्याच्या वेळी विषय काढला. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून गाडी चालवताना फोन हातात धरून वापरणं कलम १८४ खाली ‘धोकादायक वाहन चालवणं’ यात मोडतं. पहिल्याच वेळी एक ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो, तुरुंगवासही होऊ शकतो. तुरुंगवासाचं ऐकून पप्पा हसले, पाच हजारांचं ऐकून गंभीर झाले. “बरं, कर काय करायचं ते. पण टेप काढायचा नाही.”

म्हणून पहिला प्रयोग टेपला हात न लावता केला. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा एफएम ट्रान्समीटर घेतला. ही युक्ती मला फार आवडली होती. फोनमधला आवाज ब्लूटूथने त्या डबीत जातो, डबी त्याचं छोटंसं रेडिओ स्टेशन करते आणि गाडीचा रेडिओ ते स्टेशन पकडतो. म्हणजे आपल्या गाडीत आपलंच आकाशवाणी केंद्र! अडचण एवढीच की मोकळी फ्रिक्वेन्सी हवी. एफएमचा पट्टा ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झ, आणि शहरात त्यावर आधीच गर्दी. घराजवळ जी जागा शांत होती, तिथे मोठ्या तलावाजवळ पोहोचेपर्यंत खरखर सुरू झाली. एकदा काका पावसाची चौकशी करत असताना मध्येच कुणीतरी साड्यांच्या सेलची घोषणा केली. वर पप्पांच्या मनात नवीनच शंका. “सिग्नलला शेजारच्या गाडीने हेच स्टेशन लावलं असेल तर?” मी म्हटलं, अगदी जवळ असेल तर येऊ शकतो थोडा आवाज. झालं! त्यानंतर प्रत्येक सिग्नलला पप्पा काकांना गप्प बसायला सांगायचे.

दुसरा प्रयोग ब्लूटूथ कॅसेटचा. दिसायला साधी कॅसेट, पण आत फीत नाही. बॅटरी असते आणि टेपच्या हेडसमोर येईल असं एक छोटं चुंबकीय हेड. फितीऐवजी तेच हेड टेपला आवाज पुरवतं. कल्पना सुंदर, पण आमच्या टेपला फीत फिरत नसल्याचा संशय आला की तो कॅसेट बाहेर फेकायचा. काकांचं वाक्य अर्धवट आणि कॅसेट पप्पांच्या मांडीवर.

शेवटी पप्पाच म्हणाले, “चल, नवीन सेट बघू.” जिन्सीकडच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने अल्टोकडे बघितलं, मग पप्पांकडे. “को खाँ, इसमें सेट लगवाओगे? गाड़ी से महँगा पड़ेगा!” पण त्यानेच एक गोष्ट सांगितली, जी मला ठाऊक नव्हती. डॅशबोर्डमधल्या त्या खाचेचं एक प्रमाण माप आहे, सुमारे १८० मिलिमीटर रुंद आणि ५० उंच. जर्मनीच्या ‘डिन’ या मानक संस्थेच्या नावावरून त्याला सिंगल डिन म्हणतात. म्हणून वीस वर्षं जुन्या गाडीच्या खाचेत आजचा सेट बसतो.

सेट पप्पांनीच बसवला. मी टॉर्च धरला. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडायची, मग टेप बाहेर ओढायचा. मागून वायरींचा गुच्छ निघाला. पप्पा एकेक वायर बोटांत धरून मला पाठ करायला लावत होते. पिवळी म्हणजे कायम १२ व्होल्ट, लाल म्हणजे किल्ली फिरवल्यावर येणारा करंट, काळी म्हणजे अर्थिंग. पांढरी आणि करडी पुढच्या स्पीकरची, हिरवी आणि जांभळी मागच्या. पिवळी आणि लाल उलट लागली तर किल्ली काढली की सेट सगळं विसरतो. “पिवळी म्हणजे आठवण,” पप्पा म्हणाले. मी साहित्याची विद्यार्थिनी, आणि उपमा ते देत होते.

माइक वेगळा होता, बोराएवढा. तो काचेच्या कडेच्या खांबावर, पप्पांच्या तोंडासमोर येईल असा चिकटवला आणि त्याची वायर दाराच्या रबरामागे दाबत खाली आणली. माइक स्पीकरच्या जवळ असेल तर पलीकडच्या माणसाला स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो. फोन जोडताना स्क्रीनवर ब्लूटूथची ती निळी खूण आली, तेव्हा मी पप्पांना तिची गोष्ट सांगितली. दहाव्या शतकातला डेन्मार्कचा राजा हाराल्ड, टोपणनाव ‘निळा दात’. विखुरलेल्या लोकांना त्याने एका राज्याखाली आणलं. म्हणून १९९७ साली इंटेलच्या जिम कार्डाक यांनी वेगवेगळी यंत्रं जोडणाऱ्या या तंत्राला त्याचं नाव सुचवलं. ती खूण म्हणजे त्याच्या नावाची दोन जुनी अक्षरं एकमेकांत गुंफलेली. पप्पा म्हणाले, “राजाने दात घासले असते तर काय नाव ठेवलं असतं?”

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला आम्ही दोघं निघालो. फोन वाजला. पप्पांनी स्टिअरिंगवरचा हात न काढता नुसतं बोट लांब करून हिरवं बटण दाबलं, आणि चारही स्पीकरमधून मोठे काका गाडीत आले.

इथे एक सांगायला हवं. पप्पा आणि काका एकमेकांशी कादोडीत बोलतात. वसईच्या सामवेदी समाजाची ही बोली, ख्रिस्ती आणि ब्राह्मण दोघांचीही. मम्मी नागपूरची, त्यामुळे आमच्या घरात प्रमाण मराठी. शाळेत इंग्रजी, रस्त्यावर हिंदी. कादोडी फक्त पप्पांच्या फोनमध्ये. एकवीस वर्षं मी तिची एकच बाजू ऐकत आले, पप्पांची. काका काय म्हणाले असतील ते पप्पांच्या उत्तरावरून ओळखायचं. त्या दिवशी पहिल्यांदा दोन्ही बाजू ऐकू आल्या. मला बोलता येत नाही, लिहिता तर मुळीच येत नाही, पण समजतं.

काकांनी आधी पावसाचं विचारलं. मग म्हणाले, कागद तयार झालेत, सहीला कधी येतोस? आणि मग, तू पोरीला सांगितलंस का वाडीचं?

पप्पांनी बटण शोधायला सुरुवात केली. हिरवं माहीत होतं, लाल माहीत नव्हतं. काका बोलतच होते. तिच्या फीचा पुढचा हप्ता जून महिन्यात लागेल ना, तो मी आधीच पाठवतो, सहीसाठी थांबत नाही, पण तिला कळायला हवं. मागून कुणीतरी जोरात हॉर्न दिला. मी बघितलं तर आमची गाडी भर रस्त्यात बैलगाडीच्या चालीने चालली होती. पप्पांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, नजर समोर होती, मान ताठ होती. आणि ते गाडी चालवत नव्हते. समोरचा सिग्नल लाल झालेला त्यांना दिसलाच नाही. मी हँडब्रेक ओढला.

काकांना मी म्हटलं, “काका, मी आहे गाडीत. आम्ही घरी जाऊन फोन करतो.” स्पीकरमध्ये एकदम शांतता. मग काका प्रमाण मराठीत, शाळेतल्या मास्तरांसारखं म्हणाले, “हो बाळा. सावकाश जा.”

सिग्नलपलीकडे एका गुलमोहराखाली गाडी लावली. पप्पांनी इंजिन बंद केलं.

गेल्या वर्षी आपल्या याच अंकात मी एक लेख लिहिला होता. नंदाखालजवळची आमची वाडी, केळी, पानवेली, विहीर, आजीचा ओटा. ‘आमची’ हा शब्द त्यात किती वेळा आला होता ते मला आठवतं. मंडळाच्या बैठकीत त्याचं कौतुक झालं होतं. पप्पांना मी तो पाठवला. त्यांनी वाचला आणि “चांगलं लिहिलंस” एवढंच म्हणाले. गुलमोहराखाली कळलं की मी तो लिहिला, त्याआधीच पप्पांनी आपला अर्धा हिस्सा काकांना देऊन टाकायचं ठरवलं होतं. मुंबईचं हॉस्टेल, फी, पुढचं एम.ए. हे सगळं त्यातून. काकांनी कागद व्हायच्या आधीच पैसे पाठवायला सुरुवात केली होती.

“सांगणार होतो,” पप्पा म्हणाले. “पण तो लेख वाचला आणि मग कसं सांगू?”

मला राग आला, आणि मग तो कुणावर करायचा ते कळेना. मी म्हटलं, “मला विचारायचं तरी.” ते म्हणाले, “विचारलं असतं तर तू शिकायची थांबली असतीस.” हे खरं होतं की नाही, मला अजून माहीत नाही. आम्ही तिथे बराच वेळ बसलो. मम्मीचा फोन आला, तोही चार स्पीकरवर. “मी गेटवर उभी आहे, तुम्ही दोघं कुठे मेलात?”

नंतर मी थोडं वाचलं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की गाडी चालवताना फोन वापरणाऱ्याला अपघाताचा धोका सुमारे चौपट असतो, आणि हँड्सफ्री फोन हातातल्या फोनपेक्षा फारसा सुरक्षित नाही. कारण हात मोकळे होतात, मन नाही. शेजारी बसलेला माणूस समोरची सायकल बघून बोलायचं थांबतो, पण वसईच्या काकांना भोपाळची सायकल दिसत नाही. मी हे सगळं पुराव्यानिशी पप्पांना सांगायला गेले, तर ते म्हणाले, “सिग्नलला मीच होतो. मला कशाला सांगतेस?”

आता आमचा नियम आहे. नवा सेट आहे, पण त्यावर फक्त एक वाक्य बोलायचं. मुंबईहून मी दोनच्या सुमाराला फोन केला की आधी विचारते, “पप्पा, गाडीत आहात का?” ते “हो” म्हणतात आणि मी फोन ठेवते. घरी पोहोचले की ते करतात. मित्रमैत्रिणींनो, तुमच्या घरी कुणी गाडी चालवत असेल तर हा प्रश्न जरूर विचारा. त्याला सेट लागत नाही आणि पैसेही नाहीत.

दिवाळीत सह्या आहेत. पप्पांबरोबर मीही वसईला जाणार आहे. काकांना कळवायचं होतं, तर त्यांचाच फोन आला, नेमका गाडीत. पप्पांनी हिरवं बटण दाबलं आणि कादोडीत एवढंच म्हणाले की गाडी चालवतोय, घरी जाऊन करतो. मग माझ्याकडे बघून मानेने खुणावलं. मी माइकजवळ सरकले आणि आयुष्यात पहिल्यांदा काकांशी कादोडीत एक वाक्य बोलले. मीही येते आहे, एवढंच. चुकलं असणार, कारण चारही स्पीकरमधून काका इतके हसले की पप्पांनी गाडी बाजूला घेतली.