न रडणाऱ्या मुली

जीएनएम या नर्सिंगच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाला मुलगी नापास झाली की पालक हमखास म्हणतात, "मॅडम, बारावीला चांगले मार्क होते हो तिला." ते खरंच असतं. पण मराठीतून आर्ट्स केलेल्या मुलीपुढे एकदम इंग्रजीतली ॲनाटॉमी येते. सकाळी वॉर्ड, दुपारी लेक्चर, रात्री केअर प्लॅन. त्यातच कधीतरी, जिचं अंग रोज पुसून दिलं ती आजी जाते. संध्याकाळी मेसमध्ये मुलगी जेवत नाही. सकाळी मात्र वेळेवर ड्यूटीवर हजर असते. शिक्षिका म्हणून मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती या न रडणाऱ्या मुलींची.

मनोविश्लेषक इसाबेल मेंझीस यांनी लंडनच्या एका मोठ्या रुग्णालयातल्या नर्सिंगचा अभ्यास १९६०च्या सुमारास प्रसिद्ध केला. विद्यार्थिनींना पेशंटचा लळा लागू नये अशीच तिथली सगळी रचना होती. वॉर्ड सतत बदलायचे, कामाचे तुकडे पाडायचे, पेशंटला नावाने नव्हे तर खाटेच्या नंबराने किंवा आजाराने ओळखायचं. तरी ताण कमी झाला नाही. सुमारे एक तृतीयांश विद्यार्थिनी शिक्षण अर्धवट सोडत. आपल्या वॉर्डांतही "पाच नंबरचं अपेंडिक्स" सर्रास ऐकू येतं, तेव्हा मला हा अभ्यास आठवतो.

लाझारस आणि फोकमन यांनी १९८४मध्ये ताणाला तोंड देण्याच्या दोन तऱ्हा मांडल्या: अडचणीवर काम करणं आणि मनातली कालवाकालव सांभाळणं. दोन्ही लागतात, फक्त कुठे काय हे कळावं लागतं. आजी गेली त्यावर उपाय नाही. तिथे कुणाजवळ तरी बोलायलाच हवं. सलाईनच्या थेंबांचं गणित मात्र बोलून सुटत नाही. ५०० मिली सलाईन ८ तासांत द्यायचं, सेटचे २० थेंब म्हणजे १ मिली, तर मिनिटाला साधारण २१ थेंब. हॉस्टेलवर हे बिनचूक करणारी मुलगी व्हायव्हाला तासांची मिनिटं करायलाच विसरते. तिला गणित येतं. भीतीने डोक्यातली तेवढी जागा व्यापलेली असते. मग परीक्षेची भीती टाळायला रात्री मोबाइल, त्यातून अपुरी झोप, आणि सकाळी पुन्हा वॉर्ड.

यावर वर्षातून एकदा तणावमुक्तीचं व्याख्यान ठेवणं मला पुरेसं वाटत नाही. ड्यूटी संपल्यावर घेतलेली पोस्ट-कॉन्फरन्स त्याहून कितीतरी उपयोगी. मात्र तिथे फक्त प्रोसिजर नव्हे, "आज काय जड गेलं?" हेही विचारलं पाहिजे. सुरुवातीला सगळ्या गप्प बसतात. एक बोलली की बाकीच्या बोलतात. बोलून झालं की मी तिथेच थेंबांचं एक गणित घालते.

वॉर्डातल्या इन्चार्ज सिस्टरांना माझी कळकळीची विनंती आहे: विद्यार्थिनी चुकली तर जरूर सांगा, पण पेशंटसमोर नको, बाजूला घेऊन सांगा. आणि तिचा पेशंट गेला असेल त्या दिवशी पुढच्या कामाला लावण्याआधी तिला पाच मिनिटं बसू द्या.