फाटकापासून पन्नास मीटर

सोमवार, १४ जुलै २०२५
स्टाफरूममध्ये पाय ठेवला तर आज एकच विषय. समोशावर आणि जिलबीवर म्हणे सिगारेटसारखा इशारा छापणार! बातमी आपल्याच गावची, नागपूरच्या मिहानमधल्या एम्सची. तिथल्या कॅन्टीनपाशी तेल आणि साखरेचे फलक लागायचे आहेत. गणिताच्या सरांनी ताटली पुढं केली, "घ्या बाई, बिनइशाऱ्याचा शेवटचा समोसा." तर्री-पोह्यांवर काय छापतील, यावर मधली सुट्टी संपेस्तोवर खल चालला. तर्रीचा लाल रंग हाच काय तो इशारा, असं ठरलं.

मीही हसले. पण पुढच्या तासाला फळ्याकडे वळले आणि डोक्यात आलं, समोशाची जाहिरात मी कधी पाहिली? पुडाच्या वडीसाठी कुठला क्रिकेटपटू नाचलेला आठवत नाही. समोसा कढईतून निघाला की वासानं बोलावतो, गार झाला की गप्प बसतो. त्याचा प्रचार तेवढाच.

रात्री लॉर्ड्सवर आपण २२ धावांनी हरलो. धाकट्याचं तोंड रडवेलं. यांनी खाली जाऊन चिप्सचं पाच रुपयांचं पाकीट आणून त्याच्या हातात दिलं. अर्धं पाकीट हवेनं भरलेलं. मी काही बोलले नाही. दिवसभर समोशावर बोलून झालं होतं.

मंगळवार, १५ जुलै
सरकारचा खुलासा आला. विक्रेत्यांच्या पदार्थांवर कसलाही इशारा छापायचा नाही. २१ जूनच्या पत्रात कार्यालयांनी उपाहारगृहात, बैठकीच्या खोल्यांत तेल-साखरेचं प्रमाण सांगणारे फलक लावावेत एवढंच सुचवलं होतं. समोसा निर्दोष सुटला. स्टाफरूमचा जीव भांड्यात पडला.

फलक वाईट नाही. पण तो वाचणार कोण? चष्मा लावून आपली शुगर मोजणारे आम्ही. धाकटा पहिलीत आहे, त्याला अजून जोडाक्षर लागत नाही. तरी चिप्सच्या पाकिटांचे चारही रंग तो लांबून ओळखतो आणि कुठला रंग तिखट, कुठला आंबट, हे मला सांगतो. 'क्ष' शिकवायला मला दोन आठवडे लागले. हे त्याला कोणी शिकवलं?

गुरुवार, १७ जुलै
आज एक उद्योग केला. पी.टी.च्या सरांकडून लांब उडीची टेप मागून घेतली आणि शाळा सुटल्यावर नववीतल्या दोन मुलींना टोकं धरायला लावून फाटकापासून पन्नास मीटर मोजले. शाळकरी मुलांच्या आहाराचा केंद्राचा नियम आहे : शाळेच्या आवारात आणि फाटकापासून कुठल्याही दिशेला ५० मीटरच्या आत चरबी, साखर किंवा मीठ जास्त असलेले पदार्थ मुलांना विकायचे नाहीत आणि त्यांची जाहिरातही करायची नाही. टेप तीस मीटरची, म्हणून एकदा पूर्ण आणि मग वीस. पन्नासावा मीटर लिंबाच्या झाडापाशी संपला. झाडाच्या अलीकडे एक भुट्टेवाली आणि एक दुकान.

दुकानात वह्या, पेनं, साबण सगळं मिळतं, पण समोर दिसतात त्या पाकिटांच्या लडी. तोरणासारख्या लटकलेल्या, नेमक्या पहिलीतल्या पोराच्या कपाळाला लागतील अशा. वर बोर्ड. दुकानाचं नाव कोपऱ्यात बारीक अक्षरात, बाकीचा सगळा बोर्ड एका थंड पेयाचा.

"काय मोजून राहिल्या मॅडम? रस्ता रुंद होऊन राहिला का?"

म्हटलं, "नाही भाऊ, तुमचा बोर्ड किती दूर आहे ते बघतेय."

"बोर्ड आपला थोडीच आहे! कंपनीचा पोरगा आला, म्हणे फुकटात लावून देतो, फ्रिजही देतो, फक्त वरच्या फळीवर आमचाच माल ठेवा. आपल्याला तर नावाचा बोर्ड भेटला." मग थोडं थांबून म्हणाले, "पाच रुपयात पोट्ट्याच्या हातात काय देऊ, तुम्हीच सांगा. चिक्की ठेवून पाहिली. पावसात नरम पडली, कोणी हात नाही लावला."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाच रुपयांचं, न मऊ पडणारं, सहा महिने टिकणारं असं काही माझ्या स्वयंपाकघरात तरी नाही.

पण एक आठवलं. पूर्वी याच झाडाखाली पानठेला होता. तंबाखूच्या २००३ च्या कायद्यात शंभर यार्डांची हद्द आहे. मोहीम झाली, रस्त्यावर पिवळा पट्टा ओढला गेला आणि ठेला वळणापलीकडे गेला. म्हणजे हद्द पाळून घ्यायची म्हटली की घेता येते.

मंगळवार, २२ जुलै
नियमाचा इतिहास वाचत बसले. दिल्लीच्या उदय फाउंडेशननं उच्च न्यायालयात जनहित याचिका केली ती २०१० मध्ये. न्यायालयानं अन्न सुरक्षा प्राधिकरणाला आदेश दिला मार्च २०१५ मध्ये. नियम अधिसूचित झाले सप्टेंबर २०२० मध्ये, लागू झाले १ जुलै २०२१ पासून. याचिका झाली तेव्हा पहिलीत असलेलं पोर नियम लागू होईस्तोवर बारावीत पोचलं. मधल्या मध्ये, २०१७ च्या मे महिन्यात, आपल्या राज्य सरकारनंही शाळांच्या कॅन्टीनमधून असे पदार्थ हद्दपार करायचा शासन निर्णय काढला.

नियमात आणखी एक कलम सापडलं आणि मी चपापले. विकू नका, फुकट वाटू नका, जाहिरात करू नका, असा फलक शाळेनं स्वतःच फाटकावर लावायचा आहे. आमच्या फाटकावर 'तंबाखूमुक्त शाळा' आहे, 'वाहने उभी करू नयेत' आहे. हा नाही. चार वर्षं झाली. मी दुकानाचा बोर्ड मोजायला निघाले होते!

रविवार, २७ जुलै
मँचेस्टरची कसोटी. लंचनंतर जडेजा आणि सुंदर हटले नाहीत, दोघांची शतकं झाली, सामना वाचला. धाकटा आणि थोरली सोफ्यावर, मी शेंगा सोलत बाजूला. षटक संपलं की जाहिरात. धाकट्याला षटकात काय झालं ते सांगता येत नव्हतं, पण जाहिरातीतलं पुढचं वाक्य तो आधीच म्हणत होता.

ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत : चिप्स, थंड पेयं वगैरेंची जाहिरात मुलांच्या कार्यक्रमात किंवा फक्त मुलांसाठीच्या वाहिनीवर दाखवायची नाही. वाचताना बरं वाटलं होतं. आज सोफ्याकडे बघितलं. क्रिकेट हा काही मुलांचा कार्यक्रम नव्हे. सासू-सुनांची मालिकाही नव्हे. कायद्यातलं मूल फक्त कार्टून बघतं. आमच्या घरातलं मूल घर जे बघेल ते बघतं.

चहाच्या वेळी त्यानं माझा मोबाइल पळवला. त्याच्याच वयाचा एक मुलगा एकामागून एक पाकिटं फोडून आत काय निघतं ते दाखवतो, हा तोंड उघडं टाकून बघतो. मी म्हटलं, "ही जाहिरात आहे." तो म्हणाला, "नाही आई, हा माझा मित्र आहे."

दुकान पन्नास मीटरच्या आत आहे. हा मित्र तळहातावर आहे. त्याला मोजायची टेप पी.टी.च्या सरांकडे नाही.

मंगळवार, २९ जुलै
नागपंचमी, आणि जागतिक व्याघ्र दिनही. आमच्याकडे आज तवा चढत नाही, म्हणून कानोले उकडले. आपण वाघांची राजधानी म्हणवून घेतो, तेव्हा शाळेत वाघाची चित्रं हवीतच. धाकट्यानं घरी आणून दाखवलं : पट्टे नाहीत, ठिपके आहेत, उभा राहिलेला, डोळ्यांवर काळा गॉगल.

"अरे, पेंचला पाहिला तो असा होता का?"

"तो नाही. हा पाकिटावरचा."

गेल्या दिवाळीत पेंचला दोन तास जिप्सीत बसून खरा वाघ दिसला होता, तोही पाठमोरा, बांबूत शिरताना. पाकिटावरचा रोज दिसतो आणि हसून हात करतो. कोण जास्त लक्षात राहणार?

चिलीमध्ये २०१६ पासून असे प्राणी पाकिटांवरून उतरवले गेले. साखर, मीठ, चरबी किंवा उष्मांक ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असलेल्या पदार्थावर तिथं काळा अष्टकोन छापावा लागतो, आणि ज्याच्यावर अष्टकोन त्याच्यावर मुलांना भुलवणारं चित्र चालत नाही. कॅनडातल्या क्वेबेकनं तर १९८० पासूनच तेरा वर्षांखालच्या मुलांना उद्देशून जाहिरात करणंच बंद ठेवलं आहे, मग ते खेळणं असो की खाऊ. दोन्हीकडे पोरांना उपदेश करण्याआधी मोठ्यांनी आपसात निपटलं. आपण उलट करतो. पाकीट विकू देतो आणि मग पोराला म्हणतो, हावरट कुठला.

शुक्रवार, १ ऑगस्ट
मोठ्या बाईंकडे फलकाचा विषय काढला. त्यांनी नियम वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "मराठी तुमचं. लिहून आणा." झालं.

मूळ वाक्यात संपृक्त मेद, ट्रान्स फॅट, अतिरिक्त साखर, सोडियम असं सगळं आहे. तसंच्या तसं लिहिलं तर दुकानदारभाऊ नमस्कार करून पुढं जातील. नववीच्या वर्गाला विचारलं, तुमच्या भाषेत याला काय म्हणता? मागच्या बाकावरून आवाज आला, "पॅकेटवालं." एवढा नेमका शब्द मला सुचला नसता. पण पाकिटात तर दूधही येतं, आणि उघड्यावरच्या गुलाबजामाला पाकीट नसतं. अर्धा तास काथ्याकूट झाला. शेवटी फळ्यावर उरलं ते असं : 'जास्त तेल-तूप, साखर, मीठ असलेले पदार्थ शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकू नका, वाटू नका, त्यांची जाहिरात करू नका.'

एका मुलीनं विचारलं, "बाई, शाळेत वाढदिवसाला चॉकलेट वाटतो, ते?"

फळा पुसायचा राहिला.

गुरुवार, १४ ऑगस्ट
फलक लागला. पांढऱ्यावर निळी अक्षरं. दुकानदारभाऊंनी येऊन पूर्ण वाचला. संध्याकाळी बघितलं तर लडी आतल्या खिळ्यावर गेल्या होत्या, दाराबाहेर वह्या टांगलेल्या. बोर्ड तसाच. "तो काढला तर भिंतीले भोकं दिसतील मॅडम," म्हणाले. "तुमच्या शाळेकडून एक साधा करून द्या, लावतो." ड्रॉइंगच्या सरांना विचारलं आहे. गणपतीनंतर करू म्हणतात.

शनिवार, २३ ऑगस्ट
काल पोळा, आज तान्हा पोळा. सकाळी महालात मारबतीची मिरवणूक. काळी आणि पिवळी मारबत जाते ती गावाची इडापीडा, रोगराई घेऊन. सोबतच्या बडग्यांत, म्हणजे पुतळ्यांत, दर वर्षी महागाई असते, भ्रष्टाचार असतो. पोरांच्या खाऊचा बडग्या मला गर्दीत कुठं दिसला नाही.

दुपारी बोजाऱ्याची तयारी केली. पोरं नंदी घेऊन दारोदार येणार, हातावर काहीतरी पडायला हवं. मुरमुरे, फुटाणे आणि गूळ-शेंगदाण्याच्या वड्या अशा कागदी पुड्या बांधल्या. थोरली म्हणाली, "आई, बाजूच्या काकू पाकिटं देऊन राहिल्या. आपल्याकडे कोणी येणार नाही." आले की. पण काहींनी पुडी हातात घेऊन उलटी-पालटी करून पाहिली, वर काही छापलंय का ते.

धाकटा आपला लाकडी नंदी सजवून बाहेर आला. शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू, आणि पाठीवर झूल. झूल मी दिली नव्हती. त्यानं महिनाभराची पाकिटं जमवून, धुऊन, चिकटपट्टीनं जोडून ती केली होती. फार सुरेख जमली होती. लाल, हिरवं, निळं, आणि मधोमध, वशिंडाच्या खाली, कंपनीचं नाव. चाकांवर गडगडत हा नंदी आता गल्लीतल्या प्रत्येक दारात उभा राहणार होता, शाळेच्या फाटकावरूनही जाणार होता.

मी खाली बसले आणि झूल उलटी करून दाखवली. आतली बाजू सगळी चांदीची. उन्हात डोळे दिपले.

तो बराच वेळ बघत राहिला. "चमकते तर छान," म्हणाला. "पण आई, आता हे कशाचं पाकीट होतं ते कोणाला कळणार नाही ना."

म्हटलं, "नको कळू दे."

पटलं नसावं. पण दोर हातात घेतला, आणि झूल तशीच ठेवून निघाला.