तिसरा सेल

दिंद्रुडच्या शिवारात वाढलेल्या माणसाला व्होल्टेज कमी होण्याची धास्ती असते. जास्त होण्याची काळजी सहसा कुणी करत नाही. रात्रपाळीची लाईट आली की वडील बॅटरीच्या उजेडात स्टार्टरवरच्या काट्याकडे बघत उभे राहायचे. काटा तीनशेच्या घरात अडकला असेल तर मोटर सुरू न करताच विहिरीवरून परत. कमी दाबावर थ्री फेजची मोटर जास्त करंट ओढते, तापते आणि जळते. वाइंडिंगचा तो करपट वास गावात घरोघरी ओळखीचा आहे. त्यामुळे मिळेल तेवढी वीज चांगलीच, अशी समजूत घेऊनच मी मोठा झालो. माझ्या भाच्याच्या रिमोटच्या ट्रकने त्या समजुतीकडे नव्याने बघायला लावलं.

चाकं फिरवणारा जोर येतो कुठून आणि जातो कुठून, याचं वेड मात्र फार जुनं. तारेच्या गाडीत ते कळायला मार्ग नव्हता. जाड तार वाकवून केलेला सांगाडा, जुन्या स्लिपरमधून कापलेली चाकं, लांब दांडा आणि वर गोल स्टिअरिंग, इंजिन आम्हीच. मग परळीच्या महाशिवरात्रीच्या यात्रेतून पत्र्याची चावीची मोटार आली. तिचं पोट मी उघडलं तेव्हा आत गुंडाळलेली पाती आणि एकमेकांत दात रुतवून बसलेली पितळी चक्रं दिसली. मोठं चक्र हळू, लहान भराभर. ते बघताना जे वाटलं होतं तेच मला पुढे आयटीआयच्या फिटर ट्रेडकडे घेऊन गेलं.

विजेच्या मोटरीआधी विहिरीवर ऑइल इंजिन होतं. त्याच्या चाकावरून पंपाच्या पुलीवर चपटा पट्टा चढवलेला. पंप काहीतरी गिळून अडला की पट्टा घसरायचा, कधी उडून बाजूला पडायचा. काम थांबलं म्हणून सगळे वैतागायचे, वडील सोडून. ते शांतपणे पंप मोकळा करायचे, पट्ट्याला थोडी राळ लावून पुन्हा चढवायचे. जास्त राळ कुणाला लावू द्यायचे नाहीत. शेजारच्या विहिरीवर एकदा पट्टा भरपूर राळ थापून कडक ताणलेला होता. पंप अडला, पट्टा जागचा हलला नाही आणि शाफ्टला पुली जखडणारी की कापली जाऊन पुली नुसतीच फिरत राहिली. वडिलांनी ती कापलेली की मला दाखवली. काही बोलले नाहीत.

हेच पुढे गॅरेजात मोठ्या मापात बघितलं. दिवाळीनंतर तेलगावच्या कारखान्याकडे ऊस सुरू झाला की ट्रॅक्टरांची रीघ लागते. मागे दोन-दोन ट्रॉल्या, खाली ओल्या रानातली काळी माती. चाक रुतलेलं असताना क्लच झटक्यात सोडला की इंजिनाचा सगळा जोर वाटेतल्या एकेका सांध्यावर आपटतो. क्लचप्लेट जळते, नाहीतर क्राऊन-पिनियनचे दात जातात, नाहीतर अॅक्सल पिळला जातो. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते उस्ताद म्हणायचे, “जोर आला की तो कच्ची जागा धुंडतो. एक पक्की केली की पुढची धुंडतो.” रोटाव्हेटरच्या शाफ्टवर एक शिअर बोल्ट असतो. दगड लागला की तो तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. शेतकरी कंटाळून त्या जागी कडक पोलादी बोल्ट घालतात. मग काही दिवसांनी आमच्याकडे येतो तो गिअरबॉक्सच, फुटलेल्या हाउसिंगसकट.

भाच्याचा ट्रक १/१२ मापाचा, चारही चाकांना जोर देणारा. आत ५४० मापाची मोटर, म्हणजे ३६ मिलिमीटर व्यासाचं डबडं, आणि दोन सेलची बॅटरी. आमच्या मळणीच्या खळ्यावर तो धूळ उडवत सुटायचा तेव्हा माझे डोळे त्याच्यावरून हलत नसत. इतर मोठी माणसंही थांबून बघायची. मग एके दिवशी भाचा म्हणाला, “मामा, तीन सेलची लावू का? लई पळंल.”

पळणार होताच. लिथियमच्या एका सेलचा दाब ३.७ व्होल्ट धरतात, पूर्ण भरल्यावर ४.२. दोन सेलचे ७.४, तिनाचे ११.१. मोटर तीच असेल तर गती साधारण दीडपट. पण उभ्या गाडीला ओढून काढताना दाबाबरोबर करंटही दीडपट वाढतो, म्हणजे कंट्रोलरने अडवलं नाही तर मोटर ओढते ती शक्ती सव्वादोनपट होते. आणि ही बॅटरी ती शक्ती खरोखर देते. २२०० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीवर २५ सी, म्हणजे क्षमतेच्या पंचवीसपट, लिहिलेलं असेल, तर ती ५५ अँपिअरपर्यंत करंट सोडू शकते, असा तिच्यावरच्या आकड्यांचा हिशोब आहे. जपानच्या तामिया कंपनीने १९७६ साली पोर्शे ९३४ चं विजेवर चालणारं रिमोट मॉडेल काढलं, तेव्हा एवढा करंट मुलांच्या हातात नव्हता. १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि चित्र पालटत गेलं. गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना ही बॅटरी घडवण्याच्या कामासाठी २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा मला घरातल्या माणसाला मिळाल्यासारखा आनंद झाला होता. त्यांच्या संशोधनाचं फळ दिंद्रुडच्या खळ्यावर पळत होतं. मात्र ट्रकच्या पोटातले दात अजून नायलॉनचेच होते.

दाताची ताकद किती, हे विल्फ्रेड लुईस या अमेरिकी अभियंत्याने १८९२ मध्ये मांडलेल्या सूत्रातून आजही काढतात. त्याने प्रत्येक दात हा भिंतीतून बाहेर आलेल्या छोट्या तुळईसारखा धरला. दात जितका रुंद आणि त्याचं मॉड्यूल, म्हणजे दाताच्या आकाराचं माप, जितकं मोठं, तितका तो जास्त भार सोसतो. रुंदी तीच ठेवून ०.८ मॉड्यूलचा दात १ चा केला तर जवळपास पाव पट जास्त. शिवाय मोटरपासून चाकाकडे जाताना गती कमी होत जाते आणि पीळ वाढत जातो. पिनियनला १७ दात आणि मोठ्या चक्राला ६८ असतील, तर त्या एका टप्प्यातच पीळ चौपट. म्हणून सगळ्यात जास्त सोसतात ती शेवटची, डिफरन्शियलच्या आतली इवलीशी तिरप्या दातांची चक्रं. डिफरन्शियलची ही रचना पेकर नावाच्या फ्रेंच घड्याळजीने १८२७ साली वाफेच्या गाडीसाठी केली होती. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त पळू देणारी ती हुशारी आता अंगठ्याएवढ्या डबीत बसली आहे.

तिसरा सेल लावायच्या आधी आम्ही गाडी पूर्ण उघडली. लोखंडी दातांची जोडी लगेच बसवू नये, हे माझं मत गॅरेजात पक्कं झालेलं आहे. दात बहुतेक वेळा अंगात जोर नाही म्हणून जात नाहीत. ते एकमेकांपासून लांब सरकतात म्हणून जातात. प्लॅस्टिकचं हाउसिंग झटक्यासरशी फाकतं, बुश झिजलेले असतात, मग दात पूर्ण न भिडता शेंड्याशेंड्यांनी भिडतात आणि शेंडे उडतात. म्हणून आधी बुश काढून बॉल बेअरिंगं घातली. डिफरन्शियलच्या मागे पातळ शिम देऊन चाल काढली. मोटर बसवताना पिनियन आणि मोठ्या चक्रामध्ये वहीच्या कागदाची पट्टी घातली, दाबून स्क्रू आवळले, मग पट्टी फिरवून काढून घेतली. कागदावर दातांच्या सारख्या खुणा उमटल्या आणि तो कुठे फाटला नाही, की जोडी बसली. हे करताना भाच्याच्या बोटांकडे बघण्यात माझा निम्मा वेळ जायचा. डिफरन्शियलची चक्रं पोलादी आणली, आत घट्ट सिलिकॉन तेल भरलं, म्हणजे हवेत सुटलेलं एकच चाक सगळा जोर घेऊन जात नाही. अॅक्सलही पोलादी केले. क्राऊन आणि पिनियन जोडीनेच बदलले. नव्याला जुन्याबरोबर संसार जमत नाही, हा ट्रॅक्टरचा नियम इथेही लागू.

मोटरीशेजारचं मोठं चक्र मात्र मी प्लॅस्टिकचंच राहू दिलं. त्यावर भाच्याशी बराच वाद झाला. सगळं पोलादी झाल्यावर एवढंच कच्चं कशाला, असं त्याचं म्हणणं. त्या चक्रामागे आम्ही स्लिपर क्लच बसवला होता: दोन चकत्या, मध्ये घर्षणाचं अस्तर, वरून स्प्रिंग आणि नट. उडी मारलेल्या गाडीची चाकं हवेत गरगरतात आणि जमिनीला टेकताच एकदम थबकतात, तो हिसका हा क्लच जरा घसरून पचवतो. त्यातूनही काही तुटलंच तर दोन स्क्रू काढून बदलता येणारं चक्र तुटावं, पोटातलं डिफरन्शियल नाही. भाच्याला मी ऑइल इंजिनाच्या पट्ट्याची गोष्ट सांगितली. त्याने ते इंजिन पाहिलेलं नाही. तरी त्याने नट अर्धा फेरा सैल केला.

आता तीन सेल लागतात. गाडी मागच्या चाकांवर उभी राहते, ढेकळं उडवते आणि भाचा ओरडतो. सेलमागे ३.२ व्होल्टच्या खाली बॅटरी उतरू द्यायची नाही, फुगलेली दिसली की वापर बंद, आणि चार्जिंग कोरड्या मडक्यात ठेवून, माणूस शेजारी बसलेला असतानाच, हे माझे नियम त्याने पाळले आहेत. उन्हाळ्यात एक खेळ झाला की मोटरीला हात लावून बघतो. बोट टेकवत नसेल तर गाडी सावलीत.

गेल्या आठवड्यात उघडली तेव्हा दात शाबूत होते. मधल्या लांब शाफ्टच्या पुढच्या क्रॉसमध्ये मात्र चाल आली आहे. भाच्याला ती हाताने हलवून दाखवली. पोलादी क्रॉस मागवायचा की आहे तोच बदलत राहायचा, हे अजून ठरलेलं नाही. मी म्हणतो, आहे तोच.