मामांची घड्याळं

नाशिक

चि. भाचेबुवांस,



तू पाठवलेला फेवर ल्यूबाचा फोटो मामांनी चष्मा कपाळावर सारून, मोबाइल नाकाला लावून पाहिला. मोरपंखी डायल, लाल सेकंदकाटा, केस तर आरशासारखी लख्ख. "रंगवलंय," एवढंच म्हणाले आणि पिशवी घेऊन भाजीला गेले. रंगवलं म्हणजे काय आणि त्यात बिघडलं काय, हे सांगायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. गंमत अशी की तीसेक वर्षांपूर्वी हेच घड्याळ त्यांनी भाव न करता घेतलं असतं.

आज दिसते तशी त्यांची आवड पहिल्यापासून असेल, असं तुला वाटत असेल तर ते मनातून काढून टाक. ओझरला विमानांच्या कारखान्यात ते नोकरीला लागले तेव्हा मनगटावर एचएमटीचं 'जनता' होतं, तुझ्या आजोबांनी घेऊन दिलेलं. तेव्हा निवडीला वाव तरी कुठे होता? एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या साहाय्याने बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली. परदेशी घड्याळ म्हणजे एक तर कुणीतरी बाहेरून आणलेलं, नाहीतर चोरट्या मार्गाने आलेलं. नोकरदार माणसाला एचएमटीच. 'जनता' चावीचं, सतरा ज्वेलचं, साध्या डायलवर देवनागरीत नाव. मामांना ते मुळीच आवडत नसे, कारण ऑफिसात ज्याच्या-त्याच्या हातात तेच. त्यांचा जीव अडकला होता 'कांचन'मध्ये: सोनेरी, जाडजूड, हाताच्या हालचालीवर चावी भरणारं. लग्नात जावयाला द्यायचं घड्याळ म्हणून त्याचा तेव्हा दबदबा होता. माझ्या वडिलांनी ते दिलं नाही. हा विषय आमच्या घरात अजून निघतो.

मग १९८७ मध्ये टायटन आलं. सेल घातला की वर्षभर बघायला नको, वेळ चोख. 'जनता'चा बॅलन्स सेकंदाला पाच ठोके देतो. क्वार्ट्‌झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. कारखान्यातल्या माणसाला हा हिशेब तोंडी समजावून सांगावा लागत नाही. मामांनी 'जनता' टेबलाच्या खणात टाकलं. त्यांच्यासारख्या हजारोंनी तेच केलं, आणि चावीची घड्याळं मोडीच्या भावात रस्त्यावर आली. संग्रहाची सुरुवात झाली ती या स्वस्ताईमुळे, हे माझं मत. ते म्हणतात, यंत्रावरच्या प्रेमामुळे.

पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी मुंबई गाठायची, चोरबाजार पालथा घालायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परत. खिशात रुमालात बांधलेली दोन-तीन घड्याळं. जांभळी, पोपटी, अर्धी लाल अर्धी पांढरी. कंपनीने आयुष्यात जे रंग काढले नाहीत ते सगळे आमच्या शोकेसमध्ये होते. रंगवणाऱ्यांची रीत अशी: जुनी डायल खरवडायची, नवा रंग द्यायचा, वर कंपनीचं नाव पुन्हा छापायचं, केसला पॉलिश मारायचं. मशीन एकाचं, चावीचं बटण दुसऱ्याचं. परदेशातले शौकीन अशा मालाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत.

हे खूळ उतरलं ते एका म्हाताऱ्या घड्याळजींच्या टपरीवर. सर्व्हिसिंगला दिलेलं घड्याळ घ्यायला आम्ही गेलो होतो. त्यांनी डोळ्याचं भिंग काढून मामांच्या हातात दिलं आणि म्हणाले, "साहेब, मिनिटांच्या रेघा बघा." मामांनी बघितलं. तासाच्या खुणा एकीकडे, छापलेल्या रेघा दुसरीकडे. कंपनीच्या नावातली अक्षरं पाणी प्यायल्यासारखी फुगलेली. सहाच्या खाली बारीक 'स्विस मेड' असायला हवं, तिथे कोरा रंग. मग कडेला नजर गेली: पॉलिश करून करून केसच्या धारा साबणाच्या वडीसारख्या गोल झालेल्या. परतीच्या वाटेवर ते एक शब्द बोलले नाहीत, आणि महिन्याभरात शोकेस रिकामी झाली.

त्यानंतरचा काळ मला सगळ्यात नावडता. फक्त न हात लावलेलं घड्याळ हवं! डायल पिवळी पडलेली, डाग पडलेली असेल तितकी उत्तम. लग्नाच्या पंगतीत शेजाऱ्याच्या मनगटाकडे बघून "तुमचे काटे मूळचे नाहीत" असं सांगणारा नवरा तू कल्पनेत आण. देवळालीच्या एका जुन्या घरातून वेस्ट एंडचं 'सोवार' मिळालं, सैनिकांमध्ये एकेकाळी नावाजलेलं, तेव्हा तर जेवणाची शुद्ध नव्हती. त्याच नादात रेडियमच्या आकड्यांची काही घड्याळंही आली. ती अंधारात चमकत नाहीत म्हणून निर्धास्त राहू नकोस. चमकणारा लेप काही वर्षांत मरतो, पण रेडियम अर्धं व्हायलाच सोळाशे वर्षं लागतात. अशा डायलची काच उघडायची नाही, आकडे खरवडायचे तर नाहीच नाही.

याच दिवसांत एकदा पाहुण्यांना घेऊन आम्ही त्र्यंबक रस्त्याला अंजनेरीचं नाणी संग्रहालय दाखवायला गेलो. तिथून गप्पा जोगलटेंभीच्या नाण्यांवर गेल्या. सिन्नर तालुक्यातल्या त्या गावात १९०६ मध्ये तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली, नहपान क्षत्रपाची. त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा मारून घेतलेला. मी सहज म्हटलं, "म्हणजे ही पण रंगवलेलीच की!" मामा चिडले, मग गप्प झाले. दोन दिवसांनी स्वतःहून म्हणाले की तिथे वरच्या ठशाखाली जुना चेहरा दिसतो, दोन्ही राजे वाचता येतात. डायल खरवडल्यावर खालचं काहीच उरत नाही.

पण या वादाने एक झालं. कुण्या शिक्षकाने आपलं एकुलतं एक घड्याळ चालू राहावं म्हणून डायल बदलून घेतली असेल, तर तसलं घड्याळ मामा आता आनंदाने ठेवतात. गिऱ्हाइकाला भुलवायला रंगवलेलं ठेवत नाहीत. हा फरक मला पटतो. अस्सलपणाच्या त्यांच्या आधीच्या सोवळ्यापेक्षा तर कितीतरी जास्त.

२०१६ मध्ये केंद्राने एचएमटीचा घड्याळांचा व्यवसाय बंद करण्याला मंजुरी दिली. बंद होणार ही कुणकुण लागल्यापासूनच लोक खरेदीला धावले होते, भाव चढले. आणि खणातलं 'जनता' बाहेर आलं! "साधेपणा कळायला वय लागतं," हे मामांचं म्हणणं. वय लागतं की बाजारभाव, ते तू ठरव. सध्या मात्र त्यांच्या हातात 'पायलट' असतं, काळी डायल आणि ठळक पांढरे आकडे. यालाही ते अभिरुचीच म्हणतात. मी डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी बघितली आहे.

तर तुझ्या फेवर ल्यूबाचं असं कर. विकणाऱ्याकडून मागचं झाकण उघडून मशीनचा फोटो मागव, आणि सहाच्या आकड्याखालचा भाग जवळून काढायला सांग. तो मोरपंखी रंग मलाही आवडला. रंगवलेलं आहे हे कळून-सवरून घेतलंस तर मामा काही बोलणार नाहीत. फक्त भाव रंगवलेल्याचा दे, आणि सर्व्हिसिंगचे पैसे त्यातून वजा करून माग.

तुझी,
मामी