वहीच्या डाव्या पानावर मराठी का?

घोलवड,
१२ जानेवारी

चि. सई,


फोटो मिळाला. ग्वातेमालातल्या अँटिग्वाची ती कौलारू घरं, मागे अग्वा ज्वालामुखी आणि तुझ्या हातात माझी लाल वही. तुझे स्पॅनिशचे वर्ग सोमवारी सुरू झाले आणि गुरुवारीच तुझा प्रश्न आला, ‘आत्या, तुला इंग्रजी एवढं चांगलं येत होतं, मग डाव्या बाजूला सगळं मराठी का?’ फोनवर सांगत बसले असते तर तू ‘हो हो’ करून विषय बदलला असतास. म्हणून लिहिते.

मी २००९ साली तिथेच स्पॅनिश शिकायला गेले तेव्हा बेचाळिशीत होते. पद्धत तुझ्यासारखीच. सकाळी आठ ते बारा, टेबलाच्या या बाजूला मी, त्या बाजूला शिक्षिका, तिसरं कोणी नाही. मागच्या बाकावर लपायची सोय नाही. दुपारी मुक्कामाच्या घरी. घरात आजी, सेन्योरा म्हणजे घरची बाई, तिची लेक, सात वर्षांची नात आणि मी. सकाळी स्वयंपाकघरातून थापण्याचा आवाज यायचा आणि क्षणभर वाटायचं की आपल्याकडेच भाकरी चाललीय. असायची मक्याची, बरोबर वाटलेला काळा घेवडा आणि तळलेली केळी, आपल्या राजेळीच्या जातीची.

पहिला आठवडा वाईट गेला. मी आधी मनात इंग्रजी वाक्य जुळवायची, मग त्यातला एकेक शब्द काढून स्पॅनिश बसवायची. ‘मला कॉफी आवडते’ म्हणायचं होतं, म्हणाले ‘यो गुस्तो काफे’. शिक्षिका इतकी हसली की शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले. मी वही मिटली आणि गप्प बसले.

ती बाई गावाबाहेरच्या काकचिकेल घरातली. ग्वातेमालात मायांच्या बावीस भाषा आहेत, काकचिकेल त्यातली एक. ती स्वतः स्पॅनिश शिकली शाळेत गेल्यावर. तिनं विचारलं, ‘इंग्रजी तुझ्या आईची भाषा आहे का?’ मी म्हटलं, नाही. ‘माझीही नाही. मग आपल्या दोघींमध्ये ती कशाला? तुझ्या घरी कॉफी आवडली तर काय म्हणतात?’

मी मोठ्यानं मराठीत सांगितलं. तिनं शब्द सुटे करून मागितले. ‘मला’ म्हणजे मे. ‘आवडते’ म्हणजे गुस्ता. मला कॉफी आवडते, मे गुस्ता एल काफे. मला आंबे आवडतात, मे गुस्तान लोस मांगोस. क्रियापद आंब्यांकडे बघतं, माझ्याकडे बघतच नाही, इकडेही आणि तिकडेही! इंग्रजीतून येणाऱ्यांचा इथे महिना जातो. मी जन्मभर असंच बोलत आले होते. त्या संध्याकाळी वही उघडली आणि डाव्या पानावर मराठी लिहायला लागले.

मग बरंच काही फुकटात मिळालं. स्पॅनिशचे त आणि द आपल्या तोंडात तयारच असतात. माझ्याबरोबरचा एक अमेरिकन मुलगा टेबल स्त्रीलिंगी कसं म्हणून रोज भांडायचा. आपण ती खुर्ची, तो पंखा, ते टेबल कोणाला विचारून म्हणतो? त्यांच्याकडे निदान दोनच लिंगं आहेत. तसंच ‘तू-तुम्ही’साठीच्या उस्तेद, तू आणि वोसचं. पुस्तकात तू शिकवतात, पण रस्त्यावर मित्र-मित्र वोस म्हणतात, आणि आजींना उस्तेदच. यावर कोणी तुला व्याख्यान द्यायची गरज नाही. आपल्या घरी आप्पांना तू कधी ‘तू’ म्हणाली नाहीस.

सगळीकडे मात्र मराठी पुरत नाही. आपल्याला भूक लागते, त्यांच्याकडे भूक ‘असते’. आणि सेर-एस्तार! आपल्या एकट्या ‘आहे’ची दोन क्रियापदं करून ठेवलीत. तिथे डावीकडची दोन पानं कोरी आहेत ती विसरले म्हणून नव्हे. मला तिथे लिहिण्यासारखं काही सापडलंच नाही. परत येईपर्यंत चुकत होते.

आता वहीतलं ते घडी पडलेलं पान, ज्यावर ‘अन्नदाता सुखी भव’ आहे. पहिले काही दिवस मी जेवून मुकाट्यानं उठायची आणि ताटली धुवायला न्यायची. घरच्या जेवणाला धन्यवाद म्हणणं आपल्याला परकेपणाचं वाटतं ना. एका रात्री त्या नातीनं हटकलं, ‘तुम्हाला आमचं जेवण आवडत नाही का?’ सेन्योरा तिला गप्प करत होती, पण माझेच कान गरम झाले. तिथली रीत अशी, उठताना सगळ्यांना ‘मुचास ग्रासियास’ म्हणायचं आणि बसलेल्यांनी ‘ब्वेन प्रोवेचो’ म्हणून उत्तर द्यायचं. आप्पा ताट सरकवताना रोज ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणायचे ते मला त्या क्षणी आठवलं. पुढच्या रात्री मी ‘मुचास ग्रासियास’ म्हणाले, तर आजीपासून नातीपर्यंत चारही जणींनी एकदम उत्तर दिलं.

शेवटच्या पानावर चिकटवलेलं वाळकं पान चिकूचं आहे, पण आपल्या वाडीतलं नव्हे. परतण्याआधी तिकालला, मायांच्या जुन्या देवळांकडे गेले होते, तिथे खाली पडलेलं उचललं. चिकूचं मूळ घर तिकडचंच. तिथल्या पेतेनच्या जंगलात याच झाडाचा चीक काढून च्युइंगम करत, आणि तिकालच्या देवळांच्या दारांवर याच्या लाकडाच्या कोरीव तुळया आहेत, बाराशे वर्षांहून जुन्या. डावीकडे लिहिलंय चिकू, उजवीकडे चिकोसापोते. एवढ्या जवळचे शब्द वहीत फार नाहीत.

घरी जेवण कुठल्या दिवशी नसतं ते विचारून घे. आमच्याकडे रविवारी नसायचं आणि मी पहिल्या रविवारी दुपारपर्यंत वाट बघत बसले होते. सेर-एस्तारच्या कोऱ्या पानांवर तुला काही सुचलं तर लिही आणि फोटो पाठव. आणि जेवून मुकाट्यानं उठू नकोस.

तुझी,
आत्या