कंच्यांचे इंजिन

या खेपेच्या भित्तिपत्रकात गुरुजींनी मला माझ्या इंजिनाबद्दल लिहायला सांगितले. मी म्हटले, गुरुजी, त्यात माझी एक चूक पण आहे, ती लिहू का? गुरुजी म्हणाले, लिही. म्हणून लिहीत आहे.

आमचे गाव आरमोरीच्या पलीकडे, जंगलाला लागून आहे. इंजिन म्हटले की आम्हां मुलांना दोनच ठाऊक. एक धान गिरणीचे. ते पूर्वी डिझेलवर फटफट करायचे, आता तिथे विजेची मोटर आहे. दुसरे वडसा टेसनावर दिसते ते आगगाडीचे. दोन्ही फार आवाज करतात. माझे इंजिन आवाज करत नाही. त्यात पेट्रोल नाही, डिझेल नाही, वाफसुद्धा नाही. आत फक्त हवा आणि माझ्या दादाचे चार कंचे. कंचे इकडून तिकडे गेले की टक असे वाजते, तेवढेच.

याला स्टर्लिंग इंजिन म्हणतात. रॉबर्ट स्टर्लिंग नावाचे स्कॉटलंड देशातले एक धर्मोपदेशक होते. म्हणजे ते चर्चमध्ये प्रवचन सांगायचे. त्यांनी १८१६ साली हे इंजिन शोधले, तेव्हा ते २५ वर्षांचे होते. त्या काळी वाफेच्या इंजिनाचे बॉयलर फुटायचे आणि माणसे मरायची. यांच्या इंजिनात पाणी उकळायचेच नाही, तर बॉयलर फुटणार कसा! त्यांचा भाऊ जेम्स इंजिनिअर होता. दोघांनी मिळून ते पुढे सुधारले.

आम्ही हे का केले ते सांगते. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो. सर सी. व्ही. रामन यांनी १९२८ साली त्या दिवशी आपला शोध जाहीर केला होता. त्या दिवशी आमच्या शाळेत प्रदर्शन भरते. गुरुजींनी मोबाईलवर आम्हाला अरविंद गुप्ता यांची खेळणी दाखवली. ते कानपूरच्या आय. आय. टी. तून इंजिनिअर झाले, पण आगकाड्या आणि सायकलच्या वॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून मुलांसाठी खेळणी करू लागले. पुण्याच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत ते पुष्कळ वर्षे होते. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या खेळण्यांत सगळे फुकटचे सामान असते. पोट्टे म्हणाले आम्ही बोट करतो, पंखा करतो. मी म्हटले, मी इंजिन करते. सगळे हसले. तेव्हा मला राग आला, आणि मग करावेच लागले.

सामान असे. एक परीक्षानळी, ती गुरुजींनी हायस्कूलमधून मागून आणली. रबरी बूच, त्याला भोक. सलाइनच्या नळीचा तुकडा. सायकलची तार. बांबूच्या दोन खपच्या, बांबूला आमच्याकडे काय तोटा! आणि कंचे. कंचे माझ्या दादाचे. तो आश्रमशाळेत राहतो, जाताना डबा माझ्याजवळ ठेवून गेला आहे. कंचा नळीत सैल घरंगळला पाहिजे, पण फार सैल नको. मोठे कंचे शिरलेच नाहीत. बारके चार निवडले.

नळीला मधोमध तार बांधायची आणि तारेची टोके बांबूच्या खाचांत ठेवायची. म्हणजे नळी अंगणवाडीतल्या सीसॉसारखी वरखाली होते. बंद टोकाखाली स्पिरिटचा दिवा. बुचाच्या टोकाखाली फळीवर इंजेक्शनची पिचकारी उभी बांधायची, तिचा दट्ट्या वर आणि तोंड खाली. दट्ट्याचे डोके तारेने नळीला बांधायचे आणि बुचातली सलाइनची नळी पिचकारीच्या तोंडाला लावायची. दिवा फक्त गुरुजींनी पेटवायचा, हे आधीच ठरले होते.

आता ते चालते कसे ते नीट वाचा, मला समजायला तीन दिवस लागले. आतली हवा तापली की फुगते. फुगली की दट्ट्या वर ढकलते आणि बुचाचे टोक वर जाते. मग कंचे घरंगळत दिव्याच्या टोकाला येतात. ते तिथे येऊन बसले की तिथली गरम हवा हटते आणि थंड टोकाला जाते. तिथे ती निवते, आक्रसते, दट्ट्या खाली ओढला जातो. मग कंचे परत बुचाकडे येतात, हवा पुन्हा दिव्याकडे जाते, पुन्हा तापते. असे आपोआप चालते. मी आधी समजत होते की नुसती आग पाहिजे. तसे नाही. एक टोक गरम आणि एक टोक थंडच पाहिजे. दोन्ही टोके गरम झाली की इंजिन मुकाट बसते.

चंद्रपूरला महाकालीच्या यात्रेला जाताना आम्ही बसमधून वीज केंद्राचे डमरूसारखे मोठे मनोरे पाहिले होते. मी समजले की तो धूर आहे. गुरुजींनी सांगितले की ते पाणी थंड करायचे मनोरे आहेत आणि वरून निघते ती वाफ. तिथे दगडी कोळसा जाळतात, त्याने पाण्याची वाफ करून चाक फिरवतात, आणि मग ती वाफ थंडही करावी लागते. त्याला इरई धरणाचे पाणी लागते. एवढ्या मोठ्या कारखान्यालाही थंड टोक लागते.

पहिले चार दिवस इंजिन हललेच नाही. दवाखान्यातली प्लास्टिकची पिचकारी होती. नवीच, सुई काढलेली. तिच्या दट्ट्याला रबर असते, ते चिकटते. एवढ्याशा हवेला ते ढकलवत नाही. काचेची पिचकारी पाहिजे होती, तिचा दट्ट्या आपल्या वजनानेच सरकतो.

ती आमच्या घरी होती. माझे आबाजी जनावरांच्या दवाखान्यात परिचर होते. त्यांच्या पत्र्याच्या डबीत एक काचेची पिचकारी फडक्यात गुंडाळून ठेवलेली असते. नळीवर आणि दट्ट्यावर एकच नंबर आहे, कारण एकीचा दट्ट्या दुसरीला बसत नाही. आबाजी शेतावर गेले होते. मी ती घेतली. विचारले नाही. गुरुजींनी विचारले, कोणी दिली? मी म्हटले, आबाजींनी.

आणि इंजिन चालले! दिवा लावून थोडा वेळ झाला, मी बोटाने एकदा टोक दाबून सोडले, आणि टक... टक... टक. सगळी चौथी टेबलाभोवती गोळा झाली. पंखावाले पोट्टे पण आले. पण हळूहळू ते मंद झाले. थंड टोक गरम झाले होते. गुरुजी म्हणाले, त्या टोकाला ओले फडके गुंडाळ, पण पिळून घे. मी घाईत पिळलेच नाही. तेवढ्यात कोणी पालक आले म्हणून गुरुजी दारापर्यंत गेले. नळी दिव्याकडे कलली, फडक्याचे पाणी काचेवरून घरंगळत थेट गरम टोकाला गेले. तड! नळी फुटली. कंचे खाली. फळी टेबलावरून पडली आणि पिचकारीचा दट्ट्या मोडला. कोणाला लागले नाही. गुरुजींनी धावत येऊन दिवा विझवला.

मी फडक्यात नुसती रिकामी नळी गुंडाळून डबी जागच्या जागी ठेवली. आबाजी डबी रोज काही उघडत नाहीत.

मी रडत होते तर गुरुजींनी स्टर्लिंगचीच गोष्ट सांगितली. १८४३ साली डंडी गावच्या लोखंडाच्या कारखान्यात त्यांचे मोठे इंजिन बसवले होते. ते चांगले चालले, पण त्याचे गरम भांडे चार वर्षांत तीनदा निकामी झाले. त्या वेळचे लोखंड तेवढी आच सोसत नव्हते. शेवटी लोकांनी ते काढून टाकले. चांगले पोलाद स्वस्तात मिळू लागले ते पुढे. म्हातारपणी १८७६ साली स्टर्लिंगनी लिहून ठेवले की ते पोलाद आधी मिळते तर आमचे इंजिन यशस्वी झाले असते. ते ८७ वर्षे जगले. आणखी एक सांगितले ते मला फार आवडले. १९८० च्या सुमारास बांगलादेशात ५ अश्वशक्तीचे असे इंजिन केले होते, ते धानाच्या तुसावर चालायचे. आग बाहेरून द्यायची असते, म्हणून काहीही जाळले तरी चालते. आमच्या गिरणीमागे तुसाचा केवढा ढीग असतो!

मग दुसरी परीक्षानळी आली. पिचकारीच्या जागी मी पत्र्याच्या झाकणावर फुग्याचा तुकडा ताणून बांधला आणि वर सायकलच्या सोल्युशनने बांबूची काडी चिकटवली. पहिल्यासारखे जोरात नाही, पण चालले.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी गुरुजी तक्त्यावर लिहायला बसले. म्हणाले, साहित्य देणाऱ्यांत तुझ्या आबाजींचे नाव लिहितो, उद्या सर्वांसमोर त्यांचे आभार मानू. माझ्या पोटात गोळाच आला. त्या रात्री जेवण गेले नाही. माय म्हणाली, ताप आला का? मी आबाजींच्या खाटेजवळ गेले आणि सगळे सांगितले.

आबाजींनी डबी काढली, फडके सोडले, रिकामी नळी दिव्यासमोर धरून पाहिली. म्हणाले, "मले इचारलं काऊन नाई? इचारलं असतं तं मी देली नसती का?" मग कुशीवर वळले. दुसरे काही बोलले नाहीत. मारले असते तर बरे झाले असते असे मला वाटले. सकाळी गुरुजींना पण खरे सांगितले. त्यांनी तक्त्यावरचे नाव खोडले नाही. म्हणाले, नळी तर त्यांचीच होती ना.

प्रदर्शनात आबाजी येतील असे वाटले नव्हते. ते दुपारी धुतलेले धोतर नेसून आले. सगळ्यांच्या मागे उभे राहिले, मग हळूहळू पुढे आले. विचारले, "गरम टोक कोनतं?" मी दाखवले. त्यांनी घड्याळ डोळ्यांजवळ धरले आणि ओठ हलवत मोजू लागले. मिनिट झाल्यावर म्हणाले, "सेहेचाळीस. बैलाची नाडी बी अशीच चालते." मग जमलेल्या लोकांना त्यांनी बैलाची नाडी शेपटीच्या बुडाशी बोट लावून कशी पाहतात ते सांगितले. माझ्या इंजिनापेक्षा त्याचीच गंमत पोट्ट्यांना जास्त वाटली.

इंजिन कपाटात आहे, ज्यांना पाहायचे त्यांनी गुरुजींना सांगावे. काचेची नळी आबाजींनी परत डबीत ठेवली आहे. दादाचा एक कंचा पडून तडकला. तो उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी येईल, त्याच्या आत मला तसाच निळा कंचा पाहिजे आहे. कोणाजवळ असेल तर मी दोन देईन.