जुन्या मोटारीचे गुडघे

मोटारीचे वार्धक्य उडालेल्या रंगावरून किंवा गंजलेल्या पत्र्यावरून ओळखू नये. ते तिच्या चालीवरून ओळखावे. आमची प्रीमियर पद्मिनी १९७८ सालची. मूळच्या इटालियन फियाट ११०० चा वंश पुढे चालविणारी, म्हणून घरात तिचे नाव ‘फियाट’च राहिले. भिलाईच्या रुंद, झाडीच्या रस्त्यांवर तिने चार दशके इमानाने सेवा केली. पुढे मात्र लहानशा खड्ड्यावरून जातानाही ती होडीसारखी डोलू लागली आणि मागील चाकाजवळ तेलाचा ओघळ दिसू लागला.

आमच्या घरी हा केवळ हौसेचा प्रश्न नव्हता. माझ्या आईचे वय ब्याऐंशी. मणके ठिसूळ झालेले. तिला दर पंधरा दिवसांनी सेक्टर ९ मधील रुग्णालयात न्यावे लागते. नव्या मोटारींच्या खोलगट बैठकीत तिला बसवत नाही. फियाटच्या पुढच्या बाकासारख्या सलग आसनावर मात्र ती विनासायास बसते. बसल्यानंतरचे हिसके हीच काय ती भीती. गाडी भंगारात द्यावी की दुरुस्त करावी, याचे उत्तर अशा रीतीने आईच्या पाठीशी निगडित झाले होते.

चाकाला बसलेला धक्का कमान झेलते खरी; परंतु झेललेला धक्का ती पुनःपुन्हा परत करीत राहते. ते हेलकावे थांबविणारा तो शॉक अ‍ॅब्सॉर्बर. मिस्त्री मंडळी त्याला ‘शॉकअप’ म्हणतात. तेलाने भरलेली नळी, तीत वरखाली होणारा दट्ट्या, आणि दट्ट्याला बारीक छिद्रे व झडपा, एवढीच त्याची रचना. तेल त्या छिद्रांतून बळेच जाते आणि हेलकाव्यांतील शक्तीचे उष्णतेत रूपांतर होते. सील झिजले की तेल बाहेर येते, हवा आत शिरते, आणि गाडी डोलू लागते. याची परीक्षा घरीही करता येते. गाडीचा एक कोपरा हाताने जोराने दाबून सोडावा. तो एकदा वर येऊन स्थिर झाला तर ठीक; दोन-तीन वेळा हिंदकळला तर शॉकअप थकला असे समजावे.

नव्या जोडीसाठी रायपूर, नागपूर, मुंबई अशी विचारणा केली. पद्मिनीचे उत्पादन थांबून वीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. मुंबईच्या टॅक्सींमुळे तिचे सुटे भाग बाजारात टिकून होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या टॅक्सीही निवृत्त झाल्या. दुकानादुकानांतून आम्हांला नकारच ऐकू आला.

मार्ग सापडला तो आमच्या पोलादाच्या गावातच. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात १९५५ साली करार होऊन येथे कारखाना उभा राहिला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. पोलाद लाटणाऱ्या गिरण्यांत तेलाच्या दाबावर चालणारी असंख्य यंत्रे असतात. त्यांची निगा राखण्यात आयुष्य घालविलेले एक निवृत्त काका आमच्या शेजारी राहतात. ते म्हणाले, “फियाटचा सील म्हणून मागाल तर मिळणार नाही. दांडीचा व्यास, खाचेचा व्यास आणि जाडी सांगा, म्हणजे मिळेल.”

आमच्या शॉकअपचे टोपण जुन्या घडणीचे, आट्यांचे असल्यामुळे ते उघडता आले. (वितळजोड करून बंद केलेला, वायू भरलेला शॉकअप कधीही कापू नये, आतील दाब जीवघेणा ठरू शकतो.) काकांनी कॅलिपरने मापे घेतली. फिरत्या दांडीचा सील येथे चालत नाही. वरखाली सरकणाऱ्या दांडीचाच हवा, आणि त्यावर धूळ पुसून काढणारी कडी हवी. रबर नायट्राइल जातीचे हवे, कारण साधे रबर खनिज तेलात फुगते. नंदिनी रस्त्यालगतच्या एका लहान कार्यशाळेत हे सारे मिळाले. इंजिनचे घट्ट तेल न घालता शॉकअपचे पातळ तेल भरले, उभा धरून दट्ट्या काही वेळा वरखाली केला, हवा काढली, आणि दोन्ही बाजूंची दुरुस्ती एकदमच केली.

काम चालू असता काकांनी सित्रोएँ डीएस या फ्रेंच मोटारीची गोष्ट सांगितली. १९५५ च्या पॅरिस प्रदर्शनात आलेल्या या गाडीला नेहमीच्या पोलादी कमानीच नव्हत्या. प्रत्येक चाकाशी एक पोलादी गोळा. त्यात एका बाजूस नायट्रोजन, दुसऱ्या बाजूस तेल आणि मध्ये रबराचा पडदा. दबणारा वायू हीच तिची कमान. आरंभी तिच्यात लाल द्रव असे. पुढे १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात हिरवे खनिज तेल आले. एकाच्या जागी दुसरे घातले तर सील नासतात, म्हणून तिचे मालक आजही रंग पाहूनच तेल ओततात. “आमच्या गिरणीतही असेच नायट्रोजनचे गोळे होते,” काका म्हणाले. “मोटार फ्रान्सची असो वा कुर्ल्याची, तेल आणि रबर यांचे जमले पाहिजे.”

आता रुग्णालयाच्या वाटेवर गतिरोधक आला तरी आई दाराचा आधार घेत नाही. गाडीच्या कप्प्यात आम्ही एक वही ठेवली आहे. तीत प्रत्येक सीलचे आणि बुशाचे माप, रबराची जात आणि बदलल्याची तारीख लिहिलेली असते. जुनी गाडी, शिवणयंत्र किंवा पाण्याचा पंप ज्यांच्या घरी असेल, त्यांनी भाग चांगला असतानाच त्याचे माप टिपून ठेवावे. झिजलेल्या तुकड्यावरून खरे माप कळत नाही. आमच्या वहीत पुढच्या चाकांच्या बुशांचे पान अद्याप कोरे आहे. येत्या रविवारी काका कॅलिपर घेऊन येणार आहेत.